तेइनाने पाहून ठेवलेली बालवाडी

माझा धाकटा भाऊ तेइना टोकोरोआ गावातल्या लाकूड गिरणीत कामाला लागला, तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. शाळेचं आणि त्याचं कधी जमलंच नाही. वाचायला उभं केलं की तो अडखळायचा, पोरं हसायची, मग हा खिडकीबाहेर बघत राहायचा. आमची आई आइतुताकी बेटावरून इथे आली ती मुलांनी शिकावं म्हणून. तेइनाने शाळा सोडली ते तिने फार मनाला लावून घेतलं.

तेइनाची मुलगी आकाइती तीन वर्षांची झाली, आणि त्याची बायको तेरेआपी पुन्हा इस्पितळात कामावर जायला लागली. पोरीला दिवसा कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. आईचं उत्तर तयार होतं. दुकानांच्या ओळीत एक नवं पाळणाघर निघालं होतं. तिथली एवढी एवढी पोरं शंभरापर्यंत आकडे म्हणतात, असं तिने चर्चमध्ये ऐकलं होतं.

"तिथेच घाला," ती जेवताना म्हणाली. "पोरगी बापासारखी मागे राहायला नको."

हे तेइनासमोरच. तो ताटातला उकडलेला तारोचा कंद संपवून उठला. सकाळी मात्र माझ्या दारात हजर. "ताई, चल माझ्याबरोबर. तिथे भिंतीवर काय काय लिहिलेलं असेल, ते तू वाच. बाकीचं मी बघतो."

पाळणाघर लख्ख होतं, बायका प्रेमळ होत्या. मुलं टेबलांशी बसून ठिपके जोडून अक्षरं काढत होती. तेइनाने एकच विचारलं, "एखाद्याचं चुकलं तर?"

"आम्ही लगेच बरोबर करून देतो," बाई म्हणाल्या.

आकाइती तेवढा वेळ बापाच्या पायाला चिकटून होती. मला ती जागा आवडली, खोटं कशाला बोलू. पण तेइना म्हणाला, "आणखी एक बघू."

ती दुसरी रग्बीच्या मैदानामागची जुनी बालवाडी. गवतावरचं गोठलेलं दहिवर अजून वितळलं नव्हतं आणि गमबूट घातलेली तीन पोरं नळाचं पाणी वाळूच्या खड्ड्यापर्यंत न्यायच्या खटपटीत होती. पन्हाळीचे तुकडे एकापुढे एक मांडलेले, पण पाणी मध्येच तुंबून बाहेर सांडत होतं. ब्रॉन्विन नावाच्या शिक्षिका शेजारी उकिडव्या बसून नुसत्या बघत होत्या.

"ही बाई हात का लावत नाही?" मी तेइनाच्या कानाशी म्हटलं.

"गप गं. बघू दे."

एका पोराने पन्हाळ दाबून पाहिली, दुसऱ्याने हलवून पाहिली, दोघांचं भांडण झालं. मग तिसरी म्हणाली, "इकडचं खाली आहे, म्हणून ते वर चढत नाही." त्यांनी नळाकडच्या टोकाखाली वीट सरकवली. पाणी सुळकन खड्ड्यात गेलं. तेव्हा कुठे ब्रॉन्विनबाईंनी तोंड उघडलं, "तुम्हाला कसं कळलं?" आणि तिघंही एकदम सांगायला लागली.

आकाइतीने बापाचा पाय कधी सोडला, ते आम्हाला कळलंच नाही. ती त्या खड्ड्यात उतरून डबड्याने पाणी उपसत होती. निघताना तिला उचलून आणावं लागलं.

गाडीत तेइनाने आकाइतीचे ओले पाय पुसले. मग म्हणाला, "माझं चुकलं की बाई माझ्या हातातली पेन्सिल घ्यायच्या आणि स्वतः लिहायच्या. मला वाटायचं, हे काम आपलं नव्हेच." इतक्या वर्षांत शाळेबद्दल तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

घरी आई भडकली. "चिखलातच खेळायचं होतं तर आमचं बेट काय वाईट होतं? एवढा समुद्र ओलांडला कशाला आम्ही?"

"पोरगी माझ्यासारखी मागे राहू नये असं मलाही वाटतं, आई," तेइना शांतपणे म्हणाला. "म्हणूनच तिथे घालतोय." आईसमोर तो असा कधी उभा राहिला नव्हता. तेरेआपीने फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गिरणीत पोरं चिडवायची. "काय रे, पोरगी आज किती चिखल शिकली?" तो हसायचा, आणि गिरणीतले उरलेले ओंडके मागून नेऊन, घासून गुळगुळीत करून बालवाडीत पोचवायचा.

आई रुसून दोन महिने तिकडे फिरकली नाही. एकदा तेइना आणि तेरेआपी दोघंही कामावर अडकली, म्हणून आकाइतीला आणायला तिलाच जावं लागलं. चांगली टोपी घालून, बाईंना चार शब्द सुनवायचे ठरवूनच गेली. तिथे आकाइतीने त्या ओंडक्यांची होडी मांडली होती आणि कुणी कुठे बसायचं यावरून रण माजलं होतं. आकाइती म्हणत होती, "जाडी माणसं मधे. नाहीतर होडी कलंडेल." तेवढ्यात तिला आजी दिसली. "आजी, तू मधे बस."

"म्हणजे मी जाडी?" आई म्हणाली, आणि बसली. चार शब्द सुनवायचे राहूनच गेले. घरी आल्यावर मात्र तेरेआपीला बजावलं, "तिचे कपडे मी धुणार. तुम्हाला चिखल काढता येत नाही."

पुढच्या वर्षी नव्या पालकांना जागा दाखवायचा दिवस होता. ब्रॉन्विनबाईंनी ते काम तेइनाला सांगितलं. चारचौघांत बोलायचं म्हणजे त्याला घाम फुटायचा. मी मुद्दाम गेले. गिरणीतलाच एक तरुण बाप लेकराला कडेवर घेऊन आला होता. त्याने विचारलं, "पण इथे नेमकं शिकवतात काय?"

तेइनाने त्याच्यासाठी बाक पुढे सरकवला. "अर्धा तास बस इथे. पोरांकडे बघ, मग विचार. पोराला खाली सोड आधी, तो तुझ्याआधी सांगेल." आवाज थोडा कापला त्याचा, पण अडखळला नाही.

त्या शनिवारी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही बायका तिवाएवाए, म्हणजे आमच्या बेटाकडची फुलापानांच्या नक्षीची गोधडी, शिवत बसलो होतो. कुणीतरी आईला म्हणालं, तुमची नात चुणचुणीत आहे हं, कुणावर गेली? आईने सुईत दोरा ओवला.

"बापावर," ती म्हणाली. "बालवाडीसुद्धा त्यानेच शोधली. मी नको म्हणत होते, त्याने ऐकलं नाही, बरं झालं."

ते पाळणाघर तर मलाही आवडलं होतं. मी मान वर केली नाही. माझा टाका वाकडा गेला होता, तो उसवत बसले.