गेमच्या मशीनचं तोंड

डिस्क पुसायच्या स्पिरिटचा वास आला की मला कतारच्या अल खोरमधली ती खंडेनवमी आठवते. वर्ल्डकपच्या स्टेडियमचं बांधकाम जोरात होतं आणि तिथली सगळी धूळ आमच्याच फ्लॅटचा पत्ता विचारत यायची. गेमच्या मशीनवर मी तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमध्ये अजिंक्य. संध्याकाळी रत्नागिरीच्या शेजाऱ्याशी फुटबॉलचा सामना ठरला होता. हरणाऱ्याने साऱ्या बिल्डिंगला बिर्याणी खिलवायची. दुपारी मी डिस्क लखलखीत पुसून मशीनच्या फटीत सरकवली, तर आतून जात्यासारखी घरघर आली आणि डिस्क चिकट होऊन बाहेर! स्क्रू काढून झाकण उचललं आणि माझे डोळेच पांढरे झाले. आत गुळाचे खडे, अक्षता, खोबऱ्याचे तुकडे आणि त्यावर नांदणारं मुंग्यांचं अख्खं साम्राज्य! "आई, हे काय?" मी किंचाळलो. दर दसऱ्याला पुण्याहून येणारी आई शांतपणे म्हणाली, "नैवेद्य. घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते मी. याला तोंड आहे, म्हणून याला भरवते दरवर्षी." "दरवर्षी?" "मग तू जिंकत कशाच्या जोरावर होतास रे?" मी सगळं खरवडून, ब्रश आणि स्पिरिट मारून मशीन आरशासारखं केलं, तोवर शेजारी दारातून ओरडलाच, "यल्ला, चल भाऊ, तांदूळ भिजत घाल!" त्या संध्याकाळी मी नऊ-शून्य हरलो. आज माझं मशीन देव्हाऱ्यापेक्षा स्वच्छ असतं, पण सामना म्हणाल, तर तेव्हापासून एकही जिंकलेलो नाही.