इंजिनं बंद

बोट उलटल्यावर नदीकाठी पोलीस, अग्निशमन दल, कोळ्यांच्या होड्या असे सगळेच धावून आले होते. प्रत्येकाची शिट्टी वेगळी, हुकूम वेगळा. शेवटी तहसीलदारबाई कडाडल्या, "सगळी इंजिनं बंद करा! बोटीखाली कोणी जिवंत असेल तर ऐकू तरी येऊ दे."

काठ शांत झाला. तेवढ्यात सायरन वाजवत एक गाडी आली. बाई तिला आडव्या गेल्या.

"अहो, आत मंत्रीसाहेब आहेत!" ड्रायव्हर म्हणाला.

"असू देत. आधी सायरन बंद."

गाडी गप्प झाली. काठावर उभं राहून मला वाटलं, धावपळ कुणीही करतं. एवढ्या माणसांना गप्प बसवायला छाती लागते.

मग उलट्या बोटीतून आवाज आला. कुणीतरी आतून लाकूड ठोकत होतं.