साहेबाचा कायदा आणि संध्याकाळची चूल

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी वडनेरला सासरी राहून, घरूनच बी.ए.चा अभ्यास करत होते. पास झाले तर गावातल्या शाळेत नोकरी मिळणार होती आणि मला ती हवीच होती. पण घरभराच्या भाकरी दोन्ही वेळा माझ्याच गळ्यात. पुस्तक मिठाच्या भरणीला टेकवून मी मोठ्यानं वाचायची, नाहीतर तव्यापुढंच डोळा लागायचा.

इतिहासात इंग्रजांच्या अमेरिकेतल्या पहिल्या वसाहती होत्या. जहाजातून उतरलेले साहेबलोक सोनं शोधत फिरले, शेतीला कुणी हात लावेना, मग उपासमार. शेवटी त्यांच्या कारभाऱ्यानं फर्मान काढलं, जो काम करणार नाही त्याला जेवण नाही. पुढं गव्हर्नर आला, जमीनवाल्यांची सभा आली.

सासूबाई गुडघे शेकत ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "बाया नोत्या का त्याईच्यात?"

"पहिल्या जहाजांत नव्हत्या."

"मंग भाकरी कोन थापे?"

पुस्तकात ते दिलेलं नव्हतं.

"म्हनून मेले," त्या म्हणाल्या.

पेपर खामगावला. पहिल्या दिवशी पहाटे भाकरी उरकून एस.टी. धरली. संध्याकाळी परतले तर चूल थंड. सासूबाईंना गुडघ्यांनी उठू दिलं नव्हतं. मामंजी, दीर आणि माझा नवरा ओसरीवर बसून होते.

"उद्या जाऊ नको," मामंजी म्हणाले. "घर उपाशी ठेवून शिकाचं कशाले?"

उद्या इतिहासाचा पेपर होता. मला रडू आलं. नवरा पायाच्या नखांकडे बघत राहिला.

आतून सासूबाई बोलल्या, "थे जाईन पेपरले. तुमी तिघं दिवसभर बसून होते, चूल पेटवाले काय झालं होतं? काम करन त्याले जेवन, साहेबाचा कायदा हाय."

मामंजींचं अर्धं आयुष्य साहेबांपुढं हात जोडण्यात गेलेलं. ते चपापले. "कोन्या साहेबाचा?"

"तिच्या पुस्तकात हाय."

"जाऊ दे मंग तिले," मामंजी म्हणाले. साहेब जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सुनेच्या रडण्यापेक्षा त्याचाच शब्द भारी. मला हायसंही वाटलं आणि रागही आला. मग मी परात ओढली, कारण भूक सगळ्यांनाच लागली होती.

पेपर बरा गेला, नोकरीही लागली. निवृत्त होईपर्यंत रोज पहाटे भाकरी थापून शाळेत गेले आणि दरवर्षी वसाहतींचा तोच धडा शिकवला. तिथं भाकरी कोण थापे, हे एकाही पोरानं विचारलं नाही. पोरींनीही नाही.