बाटलीत एकच गोळी

"मॅडम, बाटलीत एकच निघाली! रोज एक खायची ना, म्हणून पोरगीनं तीच खाल्ली. निम्मी संपवली हो!"

फोनवर मालेगावची एक आई रडत होती. मी तेव्हा अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्यूसी सांभाळत होते. क्यूसी म्हणजे तयार माल तपासून पास-नापास करणारा विभाग. आम्ही मुलांच्या व्हिटॅमिन गमीज बनवायचो. मऊ, गोड, चघळायच्या गोळ्या. उन्हाने बाटलीतल्या सगळ्या वितळल्या आणि रात्रीतून थिजून त्यांचा एकच लगदा झाला होता. पोरगी पाच वर्षांची. तिला ती एकच गोळी वाटली.



"कधी खाल्ली?"

"तास झाला. एकदा उलटी झाली. आता लय गप्प पडलीये."

"बाटली घेऊन आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या. त्यांना माझा नंबर द्या. घरी काही पाजत बसू नका!"

या गमीजमध्ये लोह नव्हतं, ते नशीब; जास्त लोह मुलांच्या जिवावर बेततं. पण ए आणि डी होतं. ही व्हिटॅमिनं जास्त झाली की शरीर बाहेर टाकत नाही, साठवून ठेवतं. डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "पोटात किती गेलं असेल?" वितळलेल्या लगद्यात कुठे किती व्हिटॅमिन गेलं, ते मला सांगता येईना. क्यूसीच्या बाईला आपल्याच मालाचं उत्तर येईना, काय लाज!

खाली त्याच बॅचचे खोके गाडीत चढत होते. मी धावत जाऊन ते थांबवलं. कारखान्याचे प्रमुख, आमचे प्लँट हेड साहेब, तरातरा आले.

"मॅडम, चिकटल्या म्हणजे बिघडल्या का? चव तीच, रंग तोच. कंट्रोल सॅम्पल बघा आणि गाडी सोडा."

कंट्रोल सॅम्पल म्हणजे प्रत्येक बॅचच्या आम्ही मागे ठेवलेल्या बाटल्या. तक्रार आली की त्या उघडून बघायच्या, अशी पद्धत.

"तेच बघून तर मी माती खाल्लीये, सर."

पंधरा दिवसांपूर्वी सटाण्याच्या एका दुकानदाराने कळवलं होतं की याच बॅचच्या गोळ्या चिकटतायत. मी कपाट उघडलं. गोळ्या सुट्ट्या, चकचकीत. "तक्रारीत तथ्य नाही" असं लिहून मी सही ठोकली होती. कपाट एसीत होतं. त्याचं दुकान पत्र्याखाली.

मी त्या बॅचच्या दोन बाटल्या वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवल्या. दुपारपर्यंत पाक झाला. थिजवून वरचा आणि खालचा तुकडा लॅबमध्ये दिला. रिपोर्ट संध्याकाळी आला. ए आणि डी तेलात विरघळतात, त्यामुळे वितळल्यावर ती वर तरंगून आली होती. वरच्या तुकड्यात लेबलच्या कितीतरी पट, खालच्यात जवळजवळ काहीच नाही. आणि पोरीने वरूनच तोडलं असणार.

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग हळूच विचारलं, "नुसत्या कडक झाल्या असत्या तर?"

"कडक म्हणजे सुकलेल्या. त्यांनी बहुतेक अपाय होत नाही, पण ताकदीची हमी मी देणार नाही. वितळून एक झालेल्या मात्र थेट कचऱ्यात. बुरशी, आंबूस वास असला तरी तेच."

गाडी रिकामी झाली. डॉक्टरांना आकडे कळवले. त्या रात्री मी डोळा मिटला नाही. सारखं वाटत होतं, सटाण्याचं तेव्हाच ऐकलं असतं तर?

सकाळी त्या पोरीच्या आईचा फोन आला.

"डॉक्टर म्हणे धोका टळला, मॅडम. पुन्हा एकदा रक्त तपासायचंय. पण उठल्या उठल्या विचारते, माझी गोळी कुठाय!"

मी टेबलावर डोकं टेकून रडले. मग सटाण्याची फाइल काढली, माझा शेरा लाल पेनने खोडला आणि "तथ्य आहे" लिहून खाली पुन्हा सही केली. बाजारातली सगळी बॅच परत मागवली.

तेव्हापासून नमुन्याच्या निम्म्या बाटल्या वॉचमनच्या केबिनमध्ये राहू लागल्या. एसीच्या कपाटात एकही गिऱ्हाईक राहत नाही, एवढी साधी गोष्ट कळायला मला बावीस वर्षांची नोकरी पुरली नाही.