गंज होता, धडक लिहिली

माझ्या पांढऱ्या गाडीला अपघात झाला नव्हता. हे मी गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांना सांगितलं आहे की आता ते माझ्या तोंडून मलाच खोटं वाटतं. म्हणून एकदा सगळं सुरुवातीपासून लिहून ठेवतो. वाचणाऱ्यांनी माझ्याबद्दल हवं ते मत करून घ्यावं. ज्याच्यासाठी लिहितो आहे, त्याच्याबद्दलचं मत मात्र बदलावं.

तो आमच्या आळीच्या खालच्या अंगाला, बंदराच्या वाटेवर राहतो. वडील मासेमारीच्या बोटीवर होते. तोही बरीच वर्षं समुद्रावर गेला, पुढे पाठीने दगा दिला तेव्हा बंदरावर लिलाव पुकारू लागला. बोट लागली की टोपल्या उतरतात, भोवती घेणारे जमतात आणि पुकारणारा भाव चढवत नेतो. टोपलीत वर दिसते तीच मासळी तळाशी आहे की नाही हे कोणी उपसून बघत नाही. तेवढा वेळच नसतो. पुकारणारा म्हणतो, "एकसारखी हाय," आणि त्या शब्दावर टोपली जाते. वीस-बावीस वर्षांत त्याच्या टोपलीच्या तळाशी कधी वेगळं निघालं नाही. खाली मऊ पडलेला बांगडा असेल तर तो आधीच सांगायचा, "खालची कालची हाय, बघून घ्या." बोटवाले त्याच्यावर चरफडायचे, पण घेणारे त्याच्याच भोवती असायचे. त्याच्याकडे बोट नव्हती, जाळी नव्हती. हा शब्दच होता.

आता गाडीचं. मी सरकारी कचेरीत कारकून होतो. निवृत्त झाल्यावर हौसेने गाडी घेतली. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे गाड्या खालून सडतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वरून रंग चकचकीत आणि खाली पत्र्याचा पापड. माझी काही वेगळी नव्हती, पण मी कधी वाकून बघितलं नव्हतं.

एकदा अरुंद रस्त्यावर एसटीला बाजू देताना गाडीचा पुढचा डावा कोपरा चिऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, टेकला. टेकला असंच म्हणतो. एसटीतल्या कोणी वळूनही पाहिलं नाही. बंपर चिरला, एक दिवा फुटला. गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने ती वर उचलली आणि मला खाली बोलावलं.

"काका, ह्ये बगा." त्याने पेचकस पुढच्या चौकटीच्या पट्टीला लावला. तो आरपार गेला. तांबूस चुरा माझ्या चपलेवर पडला.

"हे त्या गडग्याने झालं?"

"गडगा काय करतोय? खारी हवा खाल्लीय हिने. ह्ये बदलायला हवं, नायतर एक दिवस इंजिन रस्त्यावर ठेवून तुमी फुडं जाल." तो हसला. मग म्हणाला, "गंजाला विमा काय देत नाय. धडकेला देतो. बंपरचा क्लेम टाकतोच हाय, ह्येपण त्यातच घालू."

"असं चालतं?"

"समुद्राकडच्या अर्ध्या गाड्यांचं असंच होतं. तुमी काय पयले नाय."

विमा कंपनीचा माणूस पाहणीला यायच्या आदल्या दिवशी गॅरेजवाल्याने त्या पट्टीवर चार घण घातले. पट्टी वाकली. फोटो निघाले. समोरून जोराची धडक, पुढची चौकट वाकल्याने बदलली, असं अर्जात लिहिलं गेलं. खाली मी सही केली. दुसऱ्यांच्या अर्जांवर 'खात्री करून सादर करावे' असे शेरे मारण्यात माझी नोकरी गेली होती. घरी आल्यावर मी हा प्रकार बायकोला हुशारी म्हणून सांगितला. ती म्हणाली, "जाऊ दे, कोणाचं काय गेलं?" मलाही तसंच वाटलं. सडका पत्रा जाऊन नवा आला होता. गाडी आधीपेक्षा चांगली झाली होती.

पुढे डोळ्यांनी साथ सोडली. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. बंदरावर पुकारणाऱ्या त्या शेजाऱ्याला कळलं तसा तो घरी आला.

"काका, गाडी देताय असं ऐकलं."

"देतोय. तू घेतोस?"

"कायतरी झालेलं काय गाडीला?"

"एकदा गडग्याला घासली. बंपर नवा आहे."

"अपघात?"

"अपघात नाही."

यात एकही अक्षर खोटं नव्हतं. अपघात झालाच नव्हता, म्हणून नाही म्हटलं. जो कागदावर झाला होता तो त्या क्षणी मला आठवलासुद्धा नाही. कागदावरची गोष्ट कागदावर राहते अशी माझी समजूत होती. माझ्यासारख्या कारकुनाने तरी अशी समजूत करून घ्यायला नको होती. त्याने आणखी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नारळ आणि हार घेऊन आला, गाडीपुढे नारळ वाढवला, माझ्या पाया पडला आणि गाडी घेऊन गेला.

त्याने ती चार वर्षं नीट वापरली. मग त्याला छोटा टेम्पो घ्यायचा होता, बर्फाच्या फेऱ्या मारायला. बंदरावरच्या एका नाखव्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला, गाडी हवी होती. त्याची मुलगी दापोलीला शेतकी शिकत होती, तिच्यासाठी. भर लिलावात नाखव्याने विचारलं, "ठोकलेली नाय ना?" आणि हा म्हणाला, "ठोकलेली नाय. काकांची गाडी हाय ती." ज्या आवाजात टोपली एकसारखी आहे म्हणायचा, त्याच आवाजात म्हणाला असणार.

नाखवा म्हणाला, भावासाठी आपण दोघांनी घासाघीस नको, हातखंब्याला जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे, तो सांगेल तो भाव. दोघांनाही ते पटलं. गाडी विकणारा मला म्हणाला, "तुमीपण चला काका. पयले मालक तुमी." मी पुढच्या सीटवर बसून गेलो.

व्यापाऱ्याने गाडीभोवती फेरी मारली, दारं उघडून मिटली, इंजिनाचा आवाज ऐकला. "गाडी ठेवलीय चांगली," म्हणाला. मग मोबाईलमध्ये नंबर टाकला आणि वाचत राहिला. व्यापाऱ्याने मान वर केली तेव्हा तो माझ्याकडे नाही, गाडी विकणाऱ्याकडे पाहत होता.

"हिचा मोठा क्लेम झालाय, दादा. समोरून धडक. चौकट बदलली."

"नाय वो. नंबर चुकला असेल."

"नंबर बरोबर आहे. बघा तुम्हीच."

"काकांनी कवा ठोकली नाय. फकस्त बंपर बदललाय. काय काका?"

तिघेही माझ्याकडे बघत होते. आजवर माझ्या तोंडून पुष्कळ निरर्थक गोष्टी गेल्या आहेत, पण तिथे जे एक वाक्य बोलायचं होतं ते बोलता आलं नाही. खोटा क्लेम, पोलीस, पेन्शन, आळीतले लोक, सगळं एकदम डोक्यात आलं. मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

व्यापारी वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं. दार, बोनेट, बंपर असं काही असतं तर फारसा फरक पडत नाही. चौकट म्हणजे गाडीचा कणा. "आज गाडी सरळ चालतेय, मला मान्य आहे. पण मी ज्याला विकीन तोही नंबर टाकून बघणार, त्याच्याकडून घेणाराही बघणार. मला गाडीचा भाव करून चालत नाही, त्या ओळीचा करावा लागतो." आणि त्याने जो आकडा सांगितला तो अपेक्षेच्या निम्म्याहून थोडासाच वर होता.

नाखव्याला भावाचं काही पडलं नव्हतं. तो त्या आकड्यालाही गाडी घेऊ शकला असता. तो परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाला, "माझी पोरगी बसणार होती या गाडीत." साळवी स्टॉपला उतरला आणि दार न लावता निघून गेला. मी उतरून दार लावलं. परत गाडीत बसल्यावर सांगायला हवं होतं. तो गिअर बदलत म्हणाला, "काका, तुमाला न सांगता गॅरेजवाल्यानं कायतरी केलं असेल." त्याने मला पळवाट दिली आणि मी ती घेतली.

दुसऱ्या दिवसापासून बंदरावर सुरू झालं. तो "एकसारखी हाय" म्हणाला की मागून कोणीतरी म्हणायचं, "वर सुरमई, खाली चौकट." लोक हसायचे. मग एक बाई पुढे झाली आणि तिने त्याच्यासमोर टोपली जमिनीवर उलटी केली. मासळी वरून खालून एकच होती. पण एकदा टोपली उपसली गेली, म्हणजे शब्द गेलाच. त्यानंतर सगळेच उपसून बघू लागले, वेळ जाऊ लागला, भाव पडू लागले. पावसाळ्याच्या बंदीनंतर बोटी पुन्हा निघाल्या तेव्हा बोटवाल्यांनी पुकारायला दुसरा माणूस बसवला.

मग मी बोलायला लागलो. आधी त्याच्यापाशी. सगळं सांगितलं, गंज, घण, सही. तो म्हणाला, "हातखंब्याला बोलायचं होतंत."

मी नाखव्याकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तवा खोटं लिहिलंत, आता खरं सांगताय?" मी हो म्हटलं. "आणि मी कुठलं धरू?" साक्षीला आणावं असा एकच माणूस होता. गॅरेजवाला दोन वर्षांपूर्वीच वारला होता. विम्याच्या कचेरीत गेलो, नोंद चुकीची आहे, दुरुस्त करा म्हणालो. टेबलावरच्या मुलीने आदराने बसवलं, पाणी दिलं. "आजोबा, क्लेम खोटा होता असं लेखी दिलंत तर कारवाई तुमच्यावर होईल. नोंद तरीही जाणार नाही. पैसे दिले गेलेत ना." मी म्हटलं, कारवाई करा. ती म्हणाली, "असं कशाला करता आजोबा या वयात?" आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मी लेखी दिलं. अजून कोणी आलेलं नाही.

बंदरावरही जाऊन आलो. मासळी उतरायच्या वेळी उभा राहून मोठ्याने सांगितलं की त्याचा काही दोष नाही. बर्फ फोडणारा एकजण म्हणाला, "काकांना आणलंन बग आता." कोणी वाद घातला नाही. माझ्या अंगावर पाणी उडू नये म्हणून एकाने मला हाताला धरून बाजूला केलं, तेवढंच.

गेल्या आठवड्यात सगळी हकिकत एका कागदावर लिहिली, सही केली आणि त्याच्या घरी घेऊन गेलो. म्हटलं, हा नाखव्याला दाखव, ज्याला हवा त्याला दाखव. तो आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या भरायला जातो, त्या पाठीने. गाडी अंगणातच होती. त्याने कागद दोनदा वाचला, त्याची नीट घडी केली आणि माझ्या खिशात घातली.

"काका, ह्यो दाखवला तर म्हणतील, म्हातारा आता गाडीच्या भावासाठी कागदपण करून देतो."

"मग मी करू काय?"

"काय नाय. तुमी बोललात की लोकांना वाटतं मीच धाडलंय. आता नका बोलू."

"गाडी मी परत घेतो. दिली त्याच भावाला."

"तर म्हणतील, बघा, दोघं मिळून होते." त्याने हे रागाने म्हटलं नाही. आत वळून म्हणाला, "अगं, काकांना चहा ठेव."

त्याची बायको चहा घेऊन आली. तिने कप माझ्या हातात दिला नाही, बाकावर ठेवला आणि आत गेली. तो म्हणाला, "साखर कमीच घातलीस ना? काकांना चालत नाय." त्याने कप उचलला, एक घोट घेऊन पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

"कमीच हाय," तो म्हणाला. "घ्या."