काकांच्या नावावरचा ओरखडा

मार्चमधला दुसरा रविवार. नुकसान एकोणीस हजार चारशे रुपये. हजर तिघं: तळमजल्यावरचे काका, त्यांची सून आणि मी. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गाड्या एकामागे एक उभ्या राहतात. त्यांची आत, माझी बाहेर. त्यांना निघायचं असलं की मी उतरून माझी काढायची, म्हणून मी हजर.

सून गाडी मागे घेत होती. डाव्या सीटवर बसलेले काका उजवा पाय दाबत होते. त्या बाजूला ब्रेक नसतो, तरी ते दाबायचेच. “घाई कित्याक?” हे त्यांचं नेहमीचं मालवणी पालुपद. ते पुरं व्हायच्या आत गाडी फाटकाच्या खांबावर गेली. दिवा फुटला, बंपर लोंबला.

दोघं उतरली. काकांनी तिच्या हातातली चावी काढून स्वतःच्या मुठीत धरली. तेवढ्यात काकांचा मुलगा धावत बाहेर आला.

“कोण चालवत होतं?”

“मी,” काका म्हणाले.

काका साकीनाक्याच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवून निवृत्त झालेले. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही, हे ते नवीन माणसाला नावाआधी सांगत. सुनेला गाडी त्यांनीच शिकवली. तिचं लायसन्स चार महिन्यांचं, लॅबमधली पाळी पहाटेची, घाटकोपरला. नवऱ्याने तिला बजावलं होतं, “एक ओरखडा आला की गाडी बंद.”

मुलाने काकांच्या हातातून चावी घेतली. “बाबा, सत्तरी उलटली. बस झालं ना आता!” आणि ती त्याने बायकोला दिली. “यापुढे तूच चालव.”

तो आत गेल्यावर ती रडायला लागली. “बाबा, मी सांगते खरं काय ते.”

“गप रव गो. माझी गाडी गेली ती गेली. तू बोललीस तर तुझीपण जाईल.” मग माझ्याकडे वळून, “तुम्हीपण नाय बोलायचं.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विम्याचा हिशोब करून दाखवला. क्लेम घेतला तर हप्त्यावरची पन्नास टक्के सूट जाणार, हप्ता सात हजारांनी वाढणार, तरीही पहिल्या वर्षी क्लेमच परवडतो. त्यांनी एकच विचारलं, “फॉर्मवर काय लिहायचं?” मी म्हटलं, चालवणाऱ्याचं नाव.

“घरात एकदा खोटं बोललो. सही करून नाय बोलणार.” गॅरेजवाल्याला त्यांनी आपल्या पैशातून रोख दिले.

त्यानंतर जो तो त्यांना शिकवू लागला. बाईकवरून पडून हात प्लास्टरमध्ये घातलेला वरचा पोरगाही म्हणाला, “काका, वयाचं भान ठेवा ना यार!” काका म्हणाले, “बरोबर आहे रे.” सोसायटीच्या सभेत ठराव आला, सत्तरीपुढच्यांनी आवारात गाडी चालवू नये. ठरावाला पहिला हात काकांचा वर गेला. सभेचं इतिवृत्त मी लिहून घेत होतो. मान वर केली नाही.

पूर्वी ते रोज पहाटे सुनेबरोबर गाडीने जात आणि येताना मासे आणत. आता त्या वेळी खिडकीच्या गजांना धरून उभे असत. सून गाडी मागे घ्यायची. मला त्यांचे पाय दिसत नव्हते, पण उजवा खांदा किंचित खाली जायचा.

दिवाळीआधी काका झोपेतच गेले.

या मार्चमध्ये पार्किंगमध्ये मुलगा आणि सून भेटले. तिला मोबाईलवरून गाडीच्या विम्याचा हप्ता भरायचा होता.

“बघा,” मुलगा मला म्हणाला, “बाबा गाडी चालवायचे थांबले आणि पन्नास टक्के सूट शाबूत!”

मी सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको.

“ही सूट बाबांचीच आहे,” ती म्हणाली.

“तेच म्हणतोय ना! वेळेवर थांबले.”

अकरा हजार दोनशे सहा रुपये तिने विमा कंपनीला भरले.