ओठावरचा बिब्बा
नव्या गाडीला शोरूमवाल्यानं लिंबू-मिरची बांधली आणि खाली टोचलेला बिब्बा लटकवला. उन्हात त्याचं तेल सुटलं आणि त्या उग्र वासानं मला लहानपणीची एक सकाळ आठवली. आंबी गावातल्या आमच्या घरी तेव्हा थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. तिच्या वरच्या ओठावर मोहरीएवढा तीळ होता, तो त्यांना खपणार नाही असं काकूनं परस्पर ठरवलं. आदल्या संध्याकाळी तिनं सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरला आणि त्याचं काळं, चरचरतं तेल तिळावर टेकवलं. सकाळी ओठ टरारून सुजला होता, फोड फुटून पिवळं पाणी हनुवटीवर ओघळत होतं आणि त्यावर माश्या बसत होत्या. "काय न्हाई, बिबा उतलाय. खोबरं लावलं की उतरंल," असं म्हणत काकूनं खोबरं चावलं आणि तो लाळेचा लगदा स्वतःच्या तोंडातून काढून तिच्या ओठावर थापला. तसल्या अवतारात बहीण पोहे घेऊन बाहेर गेली. मुलाच्या आईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मला वाटलं, आता ही माणसं उठून जातील. पण ती बाई खूश होऊन म्हणाली, "बिबा लावलाय व्हय? सोसणारी हाय पोरगी. आमाला पसंत हाय." सगळे हसले आणि पोह्यांवर तुटून पडले. मी परसात जाऊन ओकले. आज त्या तिळाच्या जागी रुपयाएवढा काळा डाग आहे. गाडीचा बिब्बा तोडायला मी हात घातला, तर शेजारी उभी असलेली बहीण त्याच ओठांनी म्हणाली, "आसू दे की गं, दिष्ट लागत न्हाई."